उंदरानं कुरतडल्या तीन वायरी, खर्चाचा अंदाज ४२ हजार! नवी गाडी सांभाळणं खरंच महाग झालंय का?

गेल्या दिवाळीत चार दिवस गावी होते. विट्याजवळच्या आमच्या घरी गाडी गोठ्याशेजारी उभी होती. पाचव्या दिवशी निघायचं म्हणून स्टार्टर मारला, तर गाडी थरथरत सुरू झाली आणि मीटरवर एकदम तीन दिवे लागले. बॉनेट उघडलं. इंजिनवर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडली होती. उंदीर!

गाडी टो करून सांगलीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. दोन तासांनी कागद हातात आला. अख्खा वायरिंग हार्नेस बदलावा लागेल, पार्ट आणि मजुरी मिळून ४२ हजार, पार्ट यायला आठवडा. ‘कुरतडलेल्या तीनच वायरी जोडता येणार नाहीत का?’ असं विचारलं. ‘नाही मॅडम, आम्हाला परवानगी नाही,’ असं उत्तर आलं.

बाबांनी गाडी तशीच परत आणवली आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे लावली. गेली १७ वर्षं बाबांच्या जुन्या गाडीचं सगळं काम तेच करतात. त्यांनी दीड तासात तिन्ही वायरी सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून जोडल्या. इंजिन पहिल्यासारखं चालू लागलं. मजुरी ९०० रुपये. पण स्टीअरिंगचा पिवळा दिवा काही केल्या जाईना. मिस्त्रींकडं एक छोटं स्कॅनर मशिन आहे, त्यावर काहीच दिसेना.

‘सर, गाडी सांगतीय कुठं दुखतंय ते,’ ते बाबांना म्हणाले, ‘पण ती जे बोलतीय ते माझ्या मशिनला वाचता येत नाही.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तू इंजिनिअर झालीस न्हवं? तूच सांग, रोग कळल्याबिगर औषध कसं द्यायचं?’

शेवटी सांगलीत महागडा स्कॅनर असलेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. त्यानं दहा मिनिटांत एरर कोड पुसला. १,५०० रुपये. टोचा खर्च सोडला तर एकूण २,४००.

ही गोष्ट कुणालाही सांगितली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘म्हणून सांगतो, जुन्या गाड्याच बऱ्या होत्या.’ मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. पण नंतर बाबांची डायरी घेऊन हिशेब मांडला, तेव्हा उत्तर वेगळंच निघालं.

जुनी गाडी खरंच स्वस्त होती?

आधी आठवणीतली जुनी गाडी आणि रस्त्यावरची जुनी गाडी यांत फरक करूया.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत अनेक दशकं धावलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी कुठल्याही नाक्यावर दुरुस्त व्हायची, हे खरं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून अधिकृतपणे बाद झाली. त्या दिवशी सगळ्यांनी फोटो टाकले. पण ती रोज चालवणाऱ्याला कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग घासणं, पॉइंट सेट करणं, घाटात रेडिएटर तापला की थांबून पाणी ओतणं हेही करावं लागायचं. दुरुस्ती स्वस्त होती, कारण ती सतत लागायची आणि ती करणारे हात गल्लोगल्ली होते.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेली मारुती ८०० ही त्यापुढची पायरी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हलकी बॉडी, कमी भाग. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण कार्ब्युरेटरची जागा इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्शन प्रणालीनं घेतली, तेव्हाच ‘गाडीत कॉम्प्युटर’ हा प्रकार सुरू झाला होता. या बदलानं गाडीची कुरबुर कमी झाली. थंडीत चोक ओढण्याची पाळी गेली, मायलेज वाढलं, पाच हजार किलोमीटरला लागणारी सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांत दहा हजारांवर गेली.

म्हणजे नव्या गाडीनं आपल्याला बरंच काही दिलं आहे. ते हिशेबात धरायचं आपण विसरतो.

एका घरच्या दोन गाड्यांचा हिशेब

बाबा शिक्षक होते. गाडीवरचा प्रत्येक खर्च ते डायरीत लिहितात, हवा भरल्याचे दहा रुपयेसुद्धा. त्यांची गाडी २००८ ची, १,१०० सीसीच्या आसपासची पेट्रोल हॅचबॅक. माझ्याकडची गाडी दादानं २०२० मध्ये नऊ लाखांना घेतलेली, बीएस-६. तो हैदराबादला गेल्यावर ती माझ्याकडं आली. वर्षाला १० हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरून हा वर्षाचा हिशेब. हे आमच्या घरचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील.

जुनी गाडी
• पेट्रोल (लिटरला १४ किमी): सुमारे ७४,३०० रुपये
• सर्व्हिस आणि दुरुस्ती (तीन वर्षांची सरासरी): १६,४०० रुपये
• विमा (फक्त थर्ड पार्टी, जीएसटीसह): सुमारे ४,००० रुपये
• एकूण: ९४,७०० रुपये, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेनऊ रुपये

नवी गाडी
• पेट्रोल (लिटरला १९ किमी): सुमारे ५४,७०० रुपये
• सर्व्हिस: ७,००० रुपये
• विमा (पूर्ण, झिरो डेप्रिसिएशनसह): १९,००० रुपये
• एकूण: ८०,७०० रुपये, म्हणजे किलोमीटरला साधारण आठ रुपये

चालवायला नवी गाडी स्वस्त निघाली. सर्व्हिस सेंटरला ते ४२ हजार भरले असते आणि पाच वर्षांत विभागले असते, तर वर्षाला ८,४०० वाढले असते. एकूण ८९,१०० रुपये. तरीही ती जुन्या गाडीपेक्षा स्वस्तच राहिली असती!

पण ही झाली चालवण्याची किंमत. गाडी बाळगण्याची किंमत वेगळी. विमा कंपन्या गाडीची किंमत म्हणजे ‘आयडीव्ही’ ठरवताना जी घसाऱ्याची पट्टी वापरतात, त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते. नऊ लाखांचे साडेचार लाख झाले, म्हणजे वर्षाला ९० हजार रुपये उभ्या जागी गेले. ते धरले तर नवी गाडी किलोमीटरला १७ रुपयांवर जाते. बाबांच्या गाडीची किंमत आता फारशी घसरण्यासारखी उरलेलीच नाही.

म्हणून ‘पेट्रोल वाचेल’ एवढ्यासाठी नीट चालणारी जुनी गाडी विकून नवी घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वर्षाला १९-२० हजारांचं पेट्रोल वाचवायला आपण ९० हजारांचा घसारा विकत घेतो.

डायरीत आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या गाडीचं एकही बिल नऊ हजारांच्या वर गेलेलं नाही. बॅटरी, क्लच प्लेट, अल्टरनेटरचं बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश. खर्च सतत, पण छोटा. नव्या गाडीची पाच वर्षं शांत, आणि मग एका सकाळी ४२ हजारांचा आकडा. दोन्हीची सरासरी काढली तर फरक फार नाही. पण घर सरासरीवर चालत नाही, महिन्याच्या पगारावर चालतं.

बिल एवढं मोठं का येतं?

याचं पहिलं कारण म्हणजे पूर्वी सुटा भाग बदलायचा, आता पूर्ण संच बदलतो.

हेडलाइट हे सोपं उदाहरण. जुन्या गाडीत बल्ब गेला तर दोन-तीनशे रुपयांचा बल्ब आणि पाच मिनिटांचं काम. आजच्या अनेक गाड्यांत एलईडी हेडलॅम्प सीलबंद असतो. आतली एक पट्टी गेली किंवा पाणी शिरलं तरी पूर्ण दिवा बदला. बंपर हा पूर्वी पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा होता. आता त्यात पार्किंग सेन्सर, कधी रडार, कधी कॅमेरा असतो. बाजूच्या आरशात मोटर, इंडिकेटर आणि कॅमेरा. पुढच्या काचेमागं ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. रिक्षाचा हलका धक्काही महागात पडतो तो यामुळं.

दुसरं कारण कायदे, आणि ते चांगले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. इंधनातल्या गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ आला. हा फिल्टर गाडी काही वेळ सलग वेगात चालली, की साचलेली काजळी जाळून स्वतः साफ होतो. रोज घर ते ऑफिस आठ किलोमीटर आणि तेही सिग्नलच्या रांगेत, अशी डिझेल गाडी चालवली तर तो तुंबतो आणि मोठा खर्च काढतो. इथं दोष गाडीचा नसतो. आपल्या वापराला ती गाडी जुळत नसते, आणि हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

सुरक्षेचंही तसंच. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस ब्रेकही त्याच वर्षी आले. या सगळ्यासाठी सेन्सर, वायरी आणि कंट्रोल युनिट लागतात. त्यांची दुरुस्ती महाग म्हणून ते नकोत, असं मी म्हणणार नाही. बाबांच्या गाडीत एकही एअरबॅग नाही. ते ती घेऊन महामार्गावर निघाले की आईचा जीव टांगणीला लागतो. या काळजीची किंमत डायरीत नोंदवलेली नाही.

तिसरं कारण साधं आहे. आपण मोठ्या गाड्या घेऊ लागलो. मारुती ८०० ला १२ इंची चाकं होती. आजच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीला १६ इंची असतात. चार टायर बदलायची वेळ आली की हा फरक कळतो. टर्बो इंजिनाला महाग सिंथेटिक ऑइल लागतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम नाक्यावरच्या गॅरेजात होत नाही. ही निवड आपलीच असते.

मग कुलूप नेमकं कुठं आहे?

आता मिस्त्रींच्या मशिनकडं परत येऊ.

तुमच्या गाडीत स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. भारतात ओबीडीची दुसरी आवृत्ती २०१३ पासून लागू झाली. त्यात स्कॅनर लावला की गाडी तिचे एरर कोड सांगते. पण हे प्रमाणित कोड मुख्यतः प्रदूषणाशी, म्हणजे इंजिन आणि धुराशी संबंधित असतात. एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग, एसी, बॉडी कंट्रोल यांचे कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे. ते वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा बाहेरचा महागडा स्कॅनर लागतो. काही गाड्यांत तर नवा अस्सल पार्ट बसवला तरी सॉफ्टवेअरमधून त्याची ओळख करून दिल्याशिवाय तो चालत नाही.

म्हणजे मिस्त्रींना काम येत नव्हतं, असं नाही. तुटलेल्या वायरी त्यांनीच शोधल्या आणि जोडल्या. त्यांच्याकडं माहिती नव्हती. तंत्रज्ञान अवघड असणं ही एक गोष्ट, त्याची माहिती कुलपात असणं ही दुसरी. पहिलीवर प्रशिक्षणाचा उपाय आहे. दुसरीवर फक्त नियमाचा.

हे काही नवं दुखणं नाही. २०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली होती की, कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. दंडापेक्षा आदेश महत्त्वाचे होते. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, आणि ‘बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द’ अशी सरसकट अट घालू नका. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या प्रकरणात आयोगाचे निष्कर्ष मान्य केले, पण दंड कमी केला. बाकीच्यांच्या याचिका उच्च न्यायालयांत गेल्या.

त्या आदेशाला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. विट्याच्या मिस्त्रींच्या मशिनवर आजही स्टीअरिंगचा कोड दिसत नाही.

कंपन्यांची बाजू चुकीची आहे का?

पूर्ण नाही. सर्व्हिस सेंटरनं वायर जोडायला नकार दिला, त्यामागं कारण आहे. एअरबॅग किंवा ब्रेकच्या वायरीत कच्चा जोड राहिला, पावसाळ्यात त्यात ओल शिरली आणि ऐन वेळी यंत्रणा चालली नाही, तर जबाबदारी त्यांच्यावर येते. हार्नेस बदलला की ते वॉरंटी देऊ शकतात. मिस्त्रींच्या जोडाला अशी लेखी हमी नाही, हे मला मान्य आहे.

दुसरा मुद्दा चोरीचा. गाडीचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं तर चोरांनाही वाट मिळेल, असं सांगितलं जातं. पण यावर तोडगा निघालेला आहे. युरोपीय संघात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणं २००७ च्या नियमानं बंधनकारक केलं. चावी किंवा चोरीविरोधी यंत्रणेच्या माहितीसाठी गॅरेजची पडताळणी करून परवानगी देण्याची वेगळी व्यवस्था तिथं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्ये वाहन दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्या देशांत गाड्या बनवायचं कुणी थांबवलं नाही.

आपल्याकडं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पण पोर्टलवर माहिती ठेवणं हे कंपनीच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क होत नाही. २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवालही केंद्राकडं सादर झाला. वस्तू किती सहज दुरुस्त होते, याचे गुण खरेदीआधीच ग्राहकाला दिसावेत, अशी ती कल्पना. फ्रान्समध्ये ती २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीला लागू झाली. १५ हजारांच्या मोबाइलला हे गुण हवेत, तर १० लाखांच्या गाडीला का नकोत?

खरा भार कुणावर पडतो?

माझा मुख्य मुद्दा हा आहे. नवी गाडी पहिल्या मालकाला महाग पडत नाही. त्याची वॉरंटीची वर्षं मजेत जातात. पाच-सात वर्षांनी तो गाडी विकतो. तिचे महागडे दिवस तिथून पुढं सुरू होतात.

विम्याचंच पाहा. अपघाताच्या दाव्यात प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. पत्र्याच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयानुसार कपात वाढते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढं ५० टक्के. यातून वाचवणारं झिरो डेप्रिसिएशन कव्हर साधारण पाच वर्षांपर्यंत सहज मिळतं, त्यानंतर अवघड होत जातं. म्हणजे महागडे भाग मोडण्याची शक्यता वाढते, नेमकी तेव्हाच छत्री मिटते.

आणि ही गाडी तेव्हा कुणाकडं असते? पुण्या-मुंबईत पहिला मालक, जिल्ह्याच्या गावी दुसरा आणि तालुक्यात तिसरा. घरात पहिल्यांदा चारचाकी आणणारा शेतकरी, अंगणवाडी सेविकेचा मुलगा, लग्नसराईत भाड्यानं गाडी लावणारा तरुण. २००८ ची गाडी त्यांच्या दारात आली तेव्हा गावातला मिस्त्री ती हाताळू शकत होता. २०२० ची गाडी २०३२ मध्ये त्यांच्या दारात येईल, तेव्हा दीड-दोन लाखांच्या गाडीसाठी ४० हजारांचा पार्ट आणि तोही पन्नास किलोमीटरवरच्या शहरात. ती गाडी दुरुस्त होणार नाही. ती शेडमध्ये उभी राहील किंवा एअरबॅगचा दिवा झाकून तशीच पळवली जाईल. दुसरी शक्यता जास्त भीतिदायक आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांत तर हा प्रश्न आणखी टोकदार होईल. त्यांना ऑइल नाही, क्लच नाही, चालवायचा खर्च फारच कमी. पण सगळं गणित बॅटरी आणि सॉफ्टवेअरवर. आठ-दहा वर्षांनी ती गाडी घेणाऱ्याला बॅटरीची खरी अवस्था कोण सांगणार? आणि त्यातला एखादा खराब भाग सुटा बदलता येणार का?

जुनी गाडी ठेवायची की काढायची?

जुनी गाडी ठेवणंही दिवसेंदिवस महाग होत आहे. १५ वर्षांनंतर कारच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

त्यात ई-२० पेट्रोलची भर. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आता सगळीकडं आहे. जुन्या, त्यासाठी न बनवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यायला हवेत.

दिलासा एवढाच, की २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता.

माझं मत विचाराल तर, वापर गावात आणि वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर असेल, गाडीचा पत्रा आणि ब्रेक शाबूत असतील, तर जुनी गाडी ठेवा. महामार्गावर कुटुंबासह नेहमी प्रवास असेल, तर एअरबॅग आणि एबीएस असलेली गाडी घ्या, जुनी चालेल. आम्ही घरी तोच निर्णय घेतलाय. बाबांची गाडी गावात फिरते, सांगली-पुण्याला जाताना ते माझी नेतात.

तुम्ही आज काय करू शकता?

• गाडी घेताना मायलेजसोबत चार किमती विचारा. एक हेडलॅम्प, पुढचा बंपर, बाजूचा आरसा आणि क्लच संच. दोन गाड्यांत हजारोंचा फरक दिसेल.
• शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल घेऊ नका.
• झिरो डेप्रिसिएशन मिळतंय तोवर सोडू नका.
• जुनी गाडी विकत घेताना फक्त इंजिनाचा नाही, एबीएस आणि एअरबॅगसह सगळ्या युनिटचा स्कॅन करून घ्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर समजा, कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.
• सर्व्हिस सेंटरकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि बदललेले जुने पार्ट परत मागा.
• शांत गेलेल्या वर्षातही महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाका. नव्या गाडीचा खर्च संपलेला नसतो, तो साचत असतो.

आणि सरकारनं?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, इंजिनापुरती नाही, तर गाडीतल्या सगळ्या युनिटची तपासणीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना परवडणाऱ्या दरात देणं बंधनकारक करा. दुसरी, जिथं सुरक्षितपणे शक्य आहे तिथं पूर्ण संचाऐवजी सुटा भाग आणि वायर दुरुस्तीचा किट विकायला लावा, त्याची छापील किंमत जाहीर करा आणि गाड्यांनाही दुरुस्तीचे गुण द्या. तिसरी, आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मोटार मेकॅनिकला पान्याइतकाच स्कॅनर हाताळता येईल, अशी साधनं तिथं पोहोचवा.

यातली कुठलीही मागणी नव्या गाडीच्या विरोधात नाही. उलट, तिचं सुरक्षित आणि कमी धुराचं आयुष्य वाढावं, तिसऱ्या मालकाच्या दारातही ती नीट चालावी, यासाठीच आहे.

तो जोड घालून आता काही महिने झाले. दिवा परत लागलेला नाही. मिस्त्रींनी मात्र माझ्याकडं एक काम सोपवलंय. सगळ्या गाड्या वाचणारं मशिन केवढ्याला येतं ते बघून सांगायचं. चांगल्या स्कॅनरची किंमत सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘एवढ्यात तर माझं अख्खं गॅरेज उभं राहिलं होतं.’